ध्रुवप्रदेशाचा बिनतारी दूत : एर्न्स्ट क्रेंकेल

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात प्रचंड यंत्रांची आणि उंच मनोऱ्यांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु साध्या यंत्राच्या साहाय्याने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी संवाद साधणाऱ्या माणसांची कथाही तितकीच मोलाची आहे. सोव्हिएत संघातील विख्यात ध्रुवीय बिनतारीचालक एर्न्स्ट क्रेंकेल हे अशा माणसांपैकी एक होत.

क्रेंकेल यांचा जन्म २४ डिसेंबर १९०३ रोजी ब्यालिस्टोक येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. वडील शिक्षक होते. पुढे हे कुटुंब मॉस्कोला आले. पहिले महायुद्ध आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांमुळे घरची स्थिती हलाखीची झाली आणि एर्न्स्ट यांना शाळा सोडावी लागली. सामान बांधणे, भिंतींवर जाहिराती चिकटवणे, कारागिराच्या हाताखाली राबणे, असे मिळेल ते काम त्यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी मॉस्कोतील बिनतारीचालकांच्या वर्गात प्रवेश घेतला. टिंब आणि रेघ यांची मोर्स लिपी त्यांनी मन लावून आत्मसात केली. याच विद्येने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली.

१९२४ मध्ये ते नोवाया झेम्ल्या बेटांवरील ध्रुवीय केंद्रात दाखल झाले. त्या काळी दूरचे संदेश दीर्घलहरींवर पाठवले जात. त्यासाठी अवजड यंत्रे आणि भरपूर वीज लागे. दोनशे मीटरांहून कमी लांबीच्या लघुलहरी निरुपयोगी समजल्या जात. म्हणून अनेक देशांनी त्या हौशी मंडळींसाठी सोडून दिल्या होत्या. या हौशी मंडळींनी घरी बनवलेल्या यंत्रांवर प्रयोग करून १९२३ मध्ये अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांमध्ये संवाद साधला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थरांवरून, म्हणजे अयनांबरावरून, परततात. जमिनीवर येऊन त्या पुन्हा वर उसळतात आणि अशा टप्प्याटप्प्याने हजारो किलोमीटर प्रवास करतात. त्यामुळे योग्य वेळ आणि योग्य लहर निवडली, तर थोड्या विजेवरही दूर पोहोचता येते. ध्रुवप्रदेशात इंधनाचा प्रत्येक थेंब जहाजाने आणावा लागे. तेथे या शोधाचे मोल किती मोठे आहे, हे क्रेंकेल यांनी ओळखले आणि १९२७ मध्ये त्याच केंद्रावर परतताना लघुलहरींचे यंत्र सोबत नेले.

१९२९ मध्ये ते आर्क्टिक महासागरातील फ्रांझ योझेफ लँड या द्वीपसमूहावरील तिखाया उपसागर केंद्रावर राहू लागले. १२ जानेवारी १९३० रोजी लघुलहरींवर त्यांनी दिलेल्या हाकेला अनपेक्षित उत्तर आले. ते उत्तर अंटार्क्टिकावरील अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड यांच्या तळावरून आले होते. एका बाजूला ध्रुवीय रात्रीचा काळोख होता, तर दुसऱ्या बाजूला न मावळणारा सूर्य. मधले अंतर एकोणीस हजार किलोमीटरांहून अधिक होते. पृथ्वीवर याहून फार लांबचा संवाद शक्यच नाही. दोन अनोळखी चालकांनी एकमेकांची विचारपूस केली आणि निरोप घेतला. या संवादाने क्रेंकेल जगभर प्रसिद्ध झाले.

परंतु त्यांची खरी कसोटी १९३४ मध्ये लागली. १३ फेब्रुवारीला ‘चेल्युस्किन’ हे जहाज चुकची समुद्रात बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. एक जण मृत्युमुखी पडला. १०४ जण बर्फावर उतरले. त्यांत दहा स्त्रिया आणि दोन लहान मुले होती. जहाजावरून वाचवलेले छोटे प्रक्षेपक यंत्र आणि बॅटऱ्या एवढाच त्यांचा जगाशी दुवा उरला. कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी तारा जोडत क्रेंकेल यांनी तंबूत केंद्र उभारले. किनाऱ्यावरील चालक आपल्यालाच शोधत आहेत, हे त्यांना ऐकू येत होते. पण त्यांची हाक मात्र तिकडे पोहोचत नव्हती. तरीही ते हाक देत राहिले आणि दुसऱ्या दिवशी उएलेन केंद्राने उत्तर दिले. पुढील दोन महिने हवामानाची आणि धावपट्टीच्या स्थितीची माहिती याच यंत्रावरून जात राहिली. बर्फ फुटून धावपट्टी वारंवार मोडे. अशा वेळी चुकीच्या एका संदेशाने विमान संकटात सापडले असते. ५ मार्चला स्त्रिया आणि मुले सुखरूप किनाऱ्यावर पोहोचली. १३ एप्रिलला अखेरचे सहा जण बर्फावरून निघाले. अखेरचा संदेश पाठवून, यंत्र बंद करून क्रेंकेल त्यांच्यासोबत विमानात बसले.

२१ मे १९३७ रोजी ते आणखी तीन सहकाऱ्यांसह उत्तर ध्रुवाजवळच्या तरंगत्या बर्फावर उतरले. इवान पापानिन त्यांचे प्रमुख होते. पवनचक्कीवर बॅटऱ्या भरल्या जात. वारा पडला की हाताने जनित्र फिरवावे लागे. त्यांच्या प्रक्षेपकाची शक्ती शंभर वॉटच्या दिव्याहूनही कमी होती. तरीही हवामानाच्या नोंदी नियमितपणे मॉस्कोपर्यंत पोहोचत, आणि सवड मिळाली की क्रेंकेल दूरदेशीच्या हौशी चालकांशी संवाद साधत. २७४ दिवसांनंतर, १९ फेब्रुवारी १९३८ रोजी, ग्रीनलंडजवळ जहाजांनी या चौघांना उचलले. तोवर त्यांच्या पायाखालचा विस्तीर्ण बर्फ फुटून त्याचा लहानसा तुकडाच उरला होता.

त्याच वर्षी क्रेंकेल यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च सन्मान आणि भूगोलशास्त्रातील डॉक्टर ही पदवी मिळाली. परिस्थितीमुळे शाळा सुटलेल्या मुलाचा हा गौरव होता. ‘चेल्युस्किन’चे ‘आर ए ई एम’ हे संकेतनाम पुढे त्यांना वैयक्तिक म्हणून देण्यात आले. त्याच नावाने ते घरच्या यंत्रावरून जगभरच्या हौशी चालकांशी बोलत. १९६९ मध्ये ते एका संशोधन जहाजाच्या सफरीचे प्रमुख म्हणून अंटार्क्टिकाला गेले. ज्या भूमीशी त्यांनी एकोणचाळीस वर्षांपूर्वी मोर्स लिपीतून संवाद साधला होता, ती त्यांनी आता प्रत्यक्ष पाहिली. ८ डिसेंबर १९७१ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. फ्रांझ योझेफ लँडमधील हेस बेटावरील वेधशाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

साधने अपुरी असली, तरी क्रेंकेल यांनी त्यांची पुरती ओळख करून घेतली. ते जितक्या चिकाटीने हाक देत, तितक्याच एकाग्रतेने ऐकत. म्हणूनच त्यांच्या लहानशा यंत्राची हाक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली, आणि बर्फावर अडकलेल्या १०४ जणांना ती जीवनदायी ठरली.