उमरठची तलवार आणि महाडचा संयम

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांच्या समाधीपुढे माथा टेकायला राज्यभरातून लोक येतात. घरचे लग्नकार्य बाजूला ठेवून हा वीर कोंढाण्यावर गेला आणि १६७० च्या फेब्रुवारीत तेथेच पडला, ही कथा बहुजनांच्या पोरांना तोंडपाठ आहे. त्या शौर्याबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु उमरठहून परतणाऱ्या किती गाड्या महाडला चवदार तळ्यापाशी थांबतात? मन आवरण्याचा त्याहून कठीण धडा तेथे दिला गेला आणि देणारा महामानव स्वतः ताज्या दुःखातून उठून आलेला होता.

जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा लाडका राजरत्न गेला. त्याआधी तीन लेकरे गेलेली. जगण्यातला रसच संपला, अशा अर्थाचे पत्र त्यांनी तेव्हा स्नेह्याला लिहिले. आम्ही बाबासाहेबांना कायदेपंडित, घटनाकार म्हणून पूजतो. रडणारा बाप आमच्या तसबिरीत नसतो. हाच बाप आठ महिन्यांनी महाडला उभा राहिला.

२० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्राशन करून लोक मंडपात परतले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई सनातन्यांनी उठवली आणि जेवणाऱ्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालवल्या. रक्तबंबाळ माणसे बाबासाहेबांपुढे आली. जमावात पलटणीतून निवृत्त झालेले आमचे जवान होते. एका शब्दाची खोटी होती, महाडात काय झाले असते ते सांगायला नको. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, फिर्याद करायला लावली, आणि पुढे पाच हल्लेखोरांना सक्तमजुरी झाली. हा भेकडपणा म्हणणाऱ्यांनी डिसेंबर आठवावा. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. संताप विझवला नव्हता, त्याला नेमके ठिकाण दाखवले होते! त्याच परिषदेत हजारो लोक तुरुंगात जायला तयार असताना, कोर्टाचा मनाईहुकूम होता म्हणून त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. लोक पाण्याला न शिवता तळ्याभोवती मिरवणूक काढून परतले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले.

मनःशांतीची दुकाने मांडून बसलेले बाबा-महाराज राग सोडा म्हणतात, पण राग आणणारा अन्याय कोणी सोडायचा ते सांगत नाहीत. बाबासाहेबांचा मार्ग तो नव्हता. मे १९३५ मध्ये माता रमाई गेल्या तेव्हा ते खोलीत कोंडून घेऊन रडले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही जुनी कथा त्यात त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून हातघाईवर आले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी परिव्रज्या पत्करली, असे त्यांनी मांडले. भांडण पाण्याचेच! हे पान लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे चवदार तळे नसेल, असे आम्हाला वाटत नाही. वर्षावासात विहारोविहारी या ग्रंथाचे वाचन होते. रोहिणीचे प्रकरण आले की महाडची ती संध्याकाळही पोरांना सांगावी.