काळ्या कोटातले बाबासाहेब



२६ नोव्हेंबर २०२३ रोजी, संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यासाठी वकिलांनीच मागणी केली होती. आपल्या गावोगावचे पुतळे सुटाबुटातले. इथे मात्र बाबासाहेब वकिलाच्या गाऊनमध्ये, गळ्याला बँड लावून, हातात संविधान घेऊन उभे आहेत. वकिलांनी आपला सहकारी आपल्याच पोशाखात आठवला. भातकुली तालुक्यातल्या आम्हा कार्यकर्त्यांना ही गोष्ट मोलाची वाटते. घटनाकार बाबासाहेब आपण रोज सांगतो. आरोपीच्या बाजूने कोर्टात उभे राहणारे बाबासाहेब मात्र क्वचितच सांगतो.

१९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. पदव्या मोठ्या होत्या, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम घेऊन येणारे सॉलिसिटर थोडेच. घर चालवायला १९२५पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्याच काळात परळच्या कचेरीत गरीब पक्षकार यायचे. अनेकांकडे फी द्यायला काही नसायचे, तरी बाबासाहेब त्यांची कामे बघायचे.

१९२६चा ‘देशाचे दुश्मन’ खटला त्यांच्या वकिलीतला गाजलेला खटला. दिनकरराव जवळकरांनी लिहिलेल्या या पुस्तकावर बदनामीची फिर्याद झाली. जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि मुद्रक रामचंद्र लाड या चौघांनाही खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. पुण्याच्या सेशन्स कोर्टात बाबासाहेबांनी अपील चालवले. तिथे त्यांनी भावनेवर भर दिला नाही. फिर्यादी चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक, त्याला फिर्याद करण्याचा हक्कच पोचत नाही, असा कायद्याचा मुद्दा त्यांनी मांडला. चौघेही सुटले. ज्या समाजातल्या लोकांकडून अस्पृश्यांना त्रास होत होता, त्याच समाजातल्या आरोपींसाठी ते उभे राहिले होते, हे लक्षात ठेवावे.

१९३४ साली ते र. धों. कर्वे यांच्यासाठी उभे राहिले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्वे उत्तरे देत, म्हणून अश्लीलतेचा खटला झाला होता. लोक प्रश्न विचारत असतील तर शास्त्रीय उत्तर देणे गुन्हा कसा, ही बाबासाहेबांची बाजू. त्या काळात अशा माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर टीका ओढवून घेणे होते. हा खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांच्या चरित्रात ही हारही आपण अभिमानाने सांगायला हवी.

आता पाण्याचा खटला. आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गोड पाण्याची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्याले, हे सर्वांना पाठ आहे. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला ते अमरावतीत इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. थोरले भाऊ बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना तिथेच कळली. महिनाभरातच महाडच्या सनातन्यांनी त्यांच्यावर दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. या वेळी बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. २५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडला जमले होते, तरी कोर्टाचा हुकूम मोडू नये म्हणून त्यांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. आलेल्या लोकांना परत पाठवणे सोपे नव्हते.

पण त्यांनी दावा सोडला नाही. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ रोजी बाजूने लागला. विरोधकांचे अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही तोच निकाल कायम केला. तळे नगरपालिकेचे होते, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. ओंजळभर पाणी प्यायला एक क्षण लागला. तो हक्क कागदावर यायला दहा वर्षांना तीन दिवस कमी.

मित्रांनो, आमचे म्हणणे एवढेच आहे. मोर्च्याला आपण शेकड्याने जातो. पण मोर्च्यानंतर ज्या पोरावर गुन्हा दाखल होतो, किंवा अत्याचाराच्या केसमध्ये जी बाई साक्षीला उभी राहते, तिसऱ्या-चौथ्या पेशीला त्यांच्यासोबत कोण असते? बहुतेक वेळा घरचे दोघे, एसटीच्या पैशाची जुळवाजुळव करत अमरावतीला गेलेले. साक्षीदार थकतात, तडजोड होते, केस पडते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. येत्या ६ डिसेंबरला विहारात मेणबत्ती लावल्यावर एक वही उघडू या. आपल्या गावातल्या कोणाची केस सुरू आहे, पुढची पेशी कधी आहे, सोबत कोण जाणार, हे त्यात लिहू. आपल्यातल्या वकील बंधू-भगिनींनी महिन्यातून एक दिवस विहारात बसावे आणि लोकांचे कागद वाचून द्यावेत. काळ्या कोटातल्या बाबासाहेबांना आमच्या मते हेच खरे अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!