हिलेअर बेलॉक : खोडकर मुलांचा कवी

गर्दीच्या दिवशी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मुलाचा हात घट्ट धरून चालणाऱ्या आईला जिमची गोष्ट सांगितली, तर ती आधी दचकेल आणि मग हसेल. दाईचा हात सोडून पळालेल्या जिमला सिंहाने पायापासून खाण्यास प्रारंभ केला, अशी ती कविता. तिचे कर्ते म्हणजे थोर कॅथलिक साहित्यिक हिलेअर बेलॉक.

त्यांचा जन्म २७ जुलै १८७० रोजी फ्रान्समध्ये झाला. वडील फ्रेंच, आई इंग्रज. वडिलांच्या अकाली निधनानंतर ते इंग्लंडमध्ये वाढले आणि बर्मिंगहॅम येथे कार्डिनल न्यूमन यांनी स्थापन केलेल्या शाळेत शिकले. १९०६ साली ते सालफर्डमधून संसदेवर निवडून आले. प्रचारसभेत त्यांनी खिशातून जपमाळ काढून आपली श्रद्धा उघडपणे जाहीर केली, असे सांगितले जाते.

१९०७ साली त्यांचा सावधगिरीच्या कथाकाव्यांचा सचित्र संग्रह प्रसिद्ध झाला. चित्रे काढली होती बेसिल ब्लॅकवूड यांनी. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे ते चिरंजीव. त्या काळची बालपुस्तके रुक्ष उपदेशाने भरलेली असत. बेलॉक यांनी अपराध लहान आणि शिक्षा अफाट दाखवून त्या उपदेशाचीच थट्टा केली. आगीची खोटी हाकाटी करणारी माटिल्डा खऱ्या आगीत जळून जाते. आपल्याकडील लांडगा आला रे आला या गोष्टीचीच ही इंग्रज बहीण. मुले हसतात, पण बोधही विसरत नाहीत.

मुलांना हसविणाऱ्या या कवीच्या वाट्याला मात्र दुःखच अधिक आले. १९१४ साली पत्नी एलोडी पाच मुले मागे ठेवून निवर्तल्या. बेलॉक यांनी पुढे आयुष्यभर काळा पोशाख केला. थोरला मुलगा लुई १९१८ साली पहिल्या महायुद्धात, तर धाकटा पीटर १९४१ साली सैन्यसेवेत असताना मृत्यू पावला. तरीही त्यांची श्रद्धा ढळली नाही.

त्यांचे सारेच लेखन मात्र अनुकरणीय नव्हे. ज्यू लोकांविषयी त्यांनी बाळगलेला पूर्वग्रह आज खेदजनक वाटतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ज्यूद्वेषाचा स्पष्ट निषेध केला. इतरांना सावध करणाऱ्यानेही स्वतः सावध राहावे, हा बोध त्यांच्या जीवनातून मिळतो.

जुलै १९५३ मध्ये शेकोटीजवळ पडून ते भाजले आणि १६ जुलै रोजी, कार्मेल मातेच्या सणादिवशी, त्यांनी देह ठेवला. वेस्ट ग्रिन्स्टेड येथे पत्नीशेजारी ते विसावले आहेत.