थॉमस क्रॅनमर

थॉमस क्रॅनमर (जन्म : २ जुलै १४८९, ॲस्लॉक्टन, नॉटिंगहॅमशायर, मृत्यू : २१ मार्च १५५६, ऑक्सफर्ड) हे इंग्लंडमधील धर्मसुधारणेचे एक प्रमुख नेते आणि कँटरबरीचे आर्चबिशप होते. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड आणि अल्पकाळ पहिली मेरी यांच्या कारकिर्दीत ते या पदावर होते. इंग्रजी भाषेतील पहिली अधिकृत सार्वजनिक उपासना, म्हणजे १५४४ची लिटनी, त्यांनी रचली. १५४९ व १५५२ या वर्षांची 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' ही प्रार्थनापुस्तकेही मुख्यत्वे त्यांच्याच हातची आहेत. राजा, प्रजा, धर्मगुरू, रुग्ण, बंदिवान आणि जगभरची ख्रिस्ती मंडळी यांच्यासाठी देवाजवळ रदबदली करण्याची जी पद्धत आज अँग्लिकन चर्चमध्ये रूढ आहे, तिचा साचा त्यांनी घडवला.

पूर्वायुष्य

क्रॅनमर यांचा जन्म एका मध्यम स्थितीतील जमीनदार कुटुंबात झाला. वडिलांची मिळकत थोरल्या मुलाकडे गेली आणि थॉमस व धाकटा एडमंड यांच्यापुढे धर्मसेवेचा मार्ग उरला. १५०३ साली ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. बी.ए. होण्यास त्यांना आठ वर्षे लागली. जलद निर्णय घेणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि पुढील आयुष्यातही तो झाला नाही. एम.ए. झाल्यावर त्यांना कॉलेजची फेलोशिप मिळाली. तथापि जोन नावाच्या स्त्रीशी विवाह केल्याने ती गमवावी लागली, कारण फेलोंना विवाहाची मुभा नव्हती. जोन पहिल्याच बाळंतपणात मरण पावली आणि मूलही वाचले नाही. कॉलेजने त्यांना पुन्हा सामावून घेतले. पुढे त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली व १५२६ मध्ये धर्मशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. चाळिशीपर्यंतचे त्यांचे आयुष्य ग्रंथांत बुडालेल्या अध्यापकाचे होते.

राजाच्या सेवेत

१५२९च्या उन्हाळ्यात केंब्रिजमध्ये साथ पसरली म्हणून क्रॅनमर वॉल्थम येथे राहण्यास गेले. तेथे त्यांची गाठ राजाचे सल्लागार स्टीफन गार्डिनर आणि एडवर्ड फॉक्स यांच्याशी पडली. आरागॉनच्या कॅथरिनशी झालेला आपला विवाह रद्दबातल ठरावा यासाठी आठवा हेन्री त्या वेळी रोमशी झगडत होता. या प्रश्नावर युरोपातील विद्यापीठांच्या धर्मपंडितांचे मत मागवावे, अशी सूचना क्रॅनमर यांनी केली. ती राजाला रुचली आणि अध्यापकाचा राजकारणात प्रवेश झाला.

१५३२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या दरबारी वकील म्हणून गेले असता न्यूरेंबर्ग येथे ल्यूथरपंथीय धर्मसुधारक आंद्रेआस ओसियांडर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. ओसियांडर यांच्या पत्नीची भाची मार्गारेटा हिच्याशी त्यांनी विवाह केला. धर्मगुरूने ब्रह्मचर्य पाळावे हा नियम तेव्हा इंग्लंडमध्ये लागू होता, म्हणून हा विवाह अनेक वर्षे गुप्त राहिला. पत्नीला पेटीत दडवून प्रवासाला नेत असत, ही त्यांच्या विरोधकांनी पसरवलेली कथा इतिहासकार विश्वसनीय मानत नाहीत.

त्याच वर्षी आर्चबिशप विल्यम वॉरम यांचे निधन झाले व हेन्रीने क्रॅनमर यांना परत बोलावले. ३० मार्च १५३३ रोजी त्यांचा पदाभिषेक झाला. पोपशी निष्ठेची शपथ घेण्यापूर्वी त्यांनी एक निवेदन नोंदवून घेतले : देवाचा कायदा, राजा आणि राज्याचे कायदे यांच्याविरुद्ध ही शपथ आपणांस बांधील करू शकत नाही. मे महिन्यात त्यांनी कॅथरिनचा विवाह रद्द ठरवला आणि १ जून रोजी ॲन बोलिन हिला राणीचा मुकुट चढवला.

ख्रिस्ती राजा हा आपल्या राज्यातील चर्चचा देवनियुक्त मस्तक आहे, अशी क्रॅनमर यांची मनापासून श्रद्धा होती. तिला केवळ खुशामत म्हणता येत नाही. पण ती त्यांना राजाच्या मर्जीपुढे वाकवत राहिली, हेही खरे. मर्जीतून उतरलेल्यांसाठी हेन्रीकडे शब्द टाकण्याचे धैर्य फार थोड्यांजवळ होते आणि क्रॅनमर त्यांपैकी एक होते. बिशप जॉन फिशर आणि टॉमस मोर यांची मर्यादित शपथ मान्य करावी असे त्यांनी १५३४ मध्ये सुचवले. ॲन बोलिन (१५३६) आणि टॉमस क्रॉमवेल (१५४०) यांच्या अटकेनंतर त्यांच्या बाजूने राजाला पत्रे लिहिली. कॅथरिनची मुलगी मेरी हिच्यावरील राजाचा रोष त्यांनीच शांत केला, असे त्यांचे सचिव राल्फ मॉरिस यांनी नमूद केले आहे. या रदबदलीला मर्यादा होती. ॲनसाठी पत्र लिहिणाऱ्या क्रॅनमर यांनीच काही दिवसांत तिचा विवाह रद्द ठरवला. प्रभुभोजनाविषयीच्या मतांसाठी जॉन फ्रिथ याला १५३३ मध्ये जिवंत जाळले तेव्हा त्याची तपासणी करणाऱ्यांत क्रॅनमरही होते; पुढे त्यांचे स्वतःचे मत फ्रिथच्या मताजवळ जाऊन पोहोचले.

१५३९च्या सहा कलमांच्या कायद्याने धर्मगुरूंचा विवाह हा गुन्हा ठरवला. त्यानंतर मार्गारेटाला जर्मनीला पाठवावे लागले.

१५४४ची लिटनी

लिटनी म्हणजे पुरोहिताने एकेक विनंती म्हणावी व लोकांनी ठरावीक प्रतिसाद द्यावा, अशी दीर्घ प्रार्थना. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये युद्ध, दुष्काळ किंवा साथ आली की मिरवणुकीने लॅटिन लिटनी गाण्याचा प्रघात होता. १५४४ मध्ये हेन्रीचे स्कॉटलंडशी युद्ध चालू होते आणि फ्रान्सवर स्वारीची तयारी होती. अशा वेळी प्रार्थनेसाठी लोक पुरेशा उत्साहाने येत नाहीत आणि याचे कारण त्यांना शब्द समजत नाहीत हे आहे, असे राजाज्ञेत म्हटले होते. २७ मे रोजी क्रॅनमर यांची इंग्रजी लिटनी छापून प्रसिद्ध झाली व जूनमध्ये ती राज्यभर म्हणण्याचा आदेश निघाला. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्येच होती, दैनंदिन प्रार्थनाही लॅटिनमध्येच. सामान्य इंग्रज माणसाने चर्चमध्ये स्वभाषेत सामुदायिक प्रार्थना प्रथम केली ती या मध्यस्थीच्या रूपाने.

सॉल्झबरीची जुनी लॅटिन लिटनी, मार्टिन ल्यूथर यांची लिटनी आणि पूर्वेकडील ग्रीक चर्चची संत क्रिसोस्टोम यांच्या नावाने चालत आलेली उपासना, या तीन स्रोतांतून क्रॅनमर यांनी सामग्री घेतली. जुन्या लिटनीत संतांच्या नावांची लांबलचक यादी असे व प्रत्येकाला आमच्यासाठी विनंती करा असे आळवले जाई. क्रॅनमर यांनी ती तीन वाक्यांवर आणली आणि १५४९ मध्ये तीही गाळली. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्ताखेरीज अन्य मध्यस्थ नको, हा धर्मसुधारकांचा सिद्धान्त त्यामागे होता. संतांनी लोकांसाठी मागण्याऐवजी लोकांनीच एकमेकांसाठी मागावे, असे लिटनीचे स्वरूप झाले.

या मागण्यांचा आवाका मोठा आहे. प्रथम सार्वत्रिक चर्च, मग नावानिशी राजा हेन्री, राणी कॅथरिन पार आणि युवराज एडवर्ड, त्यानंतर बिशप, सरदार, न्यायाधीश, सर्व राष्ट्रांत शांतता, जमिनीवरून व पाण्यावरून प्रवास करणारे, बाळंतपणाच्या वेणा सोसणाऱ्या स्त्रिया, आजारी माणसे, लहान मुले, कैदी, अनाथ, विधवा, शेवटी शत्रू, छळ करणारे आणि निंदक. यांतील बहुतेक विनंत्या परंपरेने आलेल्या आहेत, त्यामुळे त्यांत कवीचे आत्मचरित्र शोधणे धोक्याचे. तरी बाळंतपणात पत्नी गमावलेल्या आणि पुढे कैदी म्हणून मरण पावलेल्या माणसाच्या लेखणीतून त्या इंग्रजीत उतरल्या, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

याच लिटनीत रोमच्या बिशपाच्या जुलमातून सोडवण्याची एक कडवट विनंतीही होती. शत्रूंसाठी क्षमा मागणाऱ्या प्रार्थनेत ती विसंगत दिसते. एलिझाबेथ पहिलीच्या काळात, १५५९ मध्ये, ती वगळण्यात आली.

लिटनीच्या संगीताबद्दल क्रॅनमर यांनी राजाला लिहिले होते. प्रत्येक अक्षराला शक्यतो एकच स्वर असावा, म्हणजे शब्द स्पष्ट कळतील, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या इंग्रजी पद्यानुवादांत लालित्य नाही, हे त्यांनी त्याच पत्रात मोकळेपणाने कबूल केले. पद्यात साधले नाही ते गद्यात मात्र साधले : समानार्थी शब्दांच्या जोड्या आणि वाक्याच्या शेवटी विसावणारी लय यांमुळे त्यांची प्रार्थना एका वाचनात पाठ होऊ लागते.

प्रार्थनापुस्तके आणि बंड

२८ जानेवारी १५४७ रोजी हेन्रीचे निधन झाले तेव्हा क्रॅनमर त्याच्या उशाशी होते. त्या शोकात त्यांनी वाढवलेली दाढी नंतरच्या चित्रांत दिसते. नऊ वर्षांच्या एडवर्डच्या राज्यात सुधारणांना वेग आला. १५४७च्या आदेशांनी मिरवणुका बंद केल्या व लिटनी चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणण्याचे ठरले. ९ जून १५४९पासून संपूर्ण इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले.

दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी या गावात लोकांनी जुन्या मिस्सेचा आग्रह धरला आणि पाहता पाहता डेव्हन व कॉर्नवॉलमध्ये बंड पसरले. बंडखोरांच्या मागण्यांत एक मुद्दा विचार करण्याजोगा होता : आमच्यातील काही कॉर्निश लोकांना इंग्रजी समजत नाही. क्रॅनमर यांनी दिलेल्या दीर्घ व तिखट उत्तरात लॅटिन तरी तुमच्यापैकी कितीजणांना समजते, असा प्रतिप्रश्न होता. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड होता. पण लोकांची प्रार्थना लोकांच्या भाषेत, हे त्यांचेच तत्त्व कॉर्निश भाषेच्या बाबतीत लागू झाले नाही. बंड मोडताना हजारो माणसे मारली गेली. वेल्श भाषेत प्रार्थनापुस्तक १५६७ मध्ये झाले. कॉर्निशमध्ये ते झाले नाही, आणि ती भाषा पुढे ओसरत गेली.

१५५२च्या सुधारित पुस्तकात मध्यस्थीच्या प्रार्थनेची कक्षा बदलली. १५४९मध्ये प्रभुभोजनाच्या वेळी ख्रिस्ताच्या संपूर्ण चर्चसाठी जी प्रार्थना होती, तीत मृत श्रद्धावंतांनाही देवाच्या हाती सोपवलेले होते. नव्या पुस्तकाने ती पृथ्वीवर झुंजत असलेल्या चर्चपुरती मर्यादित केली. आप्तांच्या आत्म्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करत आलेल्या कुटुंबांचा त्यांच्या मृतांशी असलेला हा दुवा त्यामुळे तुटला.

कैद, माघार आणि मृत्यू

जुलै १५५३ मध्ये एडवर्ड वारला. मृत्यूपूर्वी त्याने लेडी जेन ग्रे हिला वारस नेमले होते व क्रॅनमर यांनी नाखुशीने त्यावर सही केली होती. काही दिवसांतच मेरी राणी झाली. पळून जाण्याची संधी असूनही क्रॅनमर थांबले. सप्टेंबरमध्ये त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकण्यात आले, नोव्हेंबरमध्ये राजद्रोहाबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि १५५४ मध्ये बिशप निकोलस रिडली व ह्यू लॅटिमर यांच्यासह ऑक्सफर्डला हलवण्यात आले. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी त्या दोघांना जाळले, ते क्रॅनमर यांना पाहावे लागले.

छळ आणि एकांत यांइतकेच त्यांना त्यांच्या तत्त्वानेही कोंडीत पकडले. राजसत्तेची आज्ञा पाळावी, हे त्यांनी वीस वर्षे शिकवले होते. राजासाठी प्रार्थना त्यांनीच लोकांच्या तोंडी घातली होती. आता कायदेशीर राणी आणि पार्लमेंट पोपचे वर्चस्व मान्य करा असे सांगत होते. १५५६च्या सुरुवातीला त्यांनी दिलेली पहिली पत्रे याच पेचातून आलेली दिसतात : राजा-राणी व पार्लमेंट यांनी मान्य केले म्हणून आपण पोपला मानतो. पुढची पत्रे अधिकाधिक लीन होत गेली आणि अखेर त्यांनी आपली सारी मते नाकारली. पश्चात्ताप करणाऱ्याला सहसा देहदंड होत नसे; मेरीने मात्र शिक्षा कायम ठेवली.

२१ मार्च १५५६ रोजी पाऊस असल्याने शेवटचे प्रवचन सेंट मेरी चर्चमध्ये झाले. ठरल्याप्रमाणे क्रॅनमर यांनी प्रार्थना केली व लोकांना राजा-राणीच्या आज्ञेत राहण्यास सांगितले. त्यानंतर मात्र लिहून दिलेला मजकूर सोडून, आपण जिवाच्या भयाने जे लिहिले ते खोटे होते आणि ज्या हाताने लिहिले तो हात आधी जळेल, असे त्यांनी जाहीर केले. त्यांना व्यासपीठावरून खाली ओढून वधस्थानी नेण्यात आले. ज्वाळा उठताच त्यांनी उजवा हात त्यांत धरला. दुसऱ्याच दिवशी कार्डिनल रेजिनाल्ड पोल यांचा आर्चबिशप म्हणून अभिषेक झाला.

नंतरचा काळ

एलिझाबेथने १५५९ मध्ये प्रार्थनापुस्तक किरकोळ बदलांसह परत आणले. १६६२ची आवृत्ती इंग्रज वसाहती व मिशनांबरोबर जगभर गेली. क्रॅनमर यांनी ज्या चर्चसाठी प्रार्थना लिहिली ते एका राजाच्या राज्यातले होते. राजाच बदलला तेव्हा प्रार्थनाही बदलावी लागली : स्वतंत्र अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १७८९च्या आपल्या पुस्तकात इंग्लंडच्या राजाची जागा राष्ट्राध्यक्षांना दिली. मुंबईत १७१८ मध्ये उघडलेल्या सेंट थॉमस चर्चमध्ये हीच उपासना इंग्रजीतून होत असे. एकोणिसाव्या शतकात प्रार्थनापुस्तकाचा मराठी अनुवाद झाला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंचा ख्रिस्ती उपासनेशी निकटचा परिचय झाला तो याच परंपरेतून.

१८६७ मध्ये लँबेथ येथे जगभरचे अँग्लिकन बिशप प्रथम एकत्र आले. आज अँग्लिकन कम्युनियनचे प्रार्थनाचक्र चालते. त्यात रोज एखाद्या प्रांताचे किंवा धर्मप्रांताचे नाव घेऊन इतर देशांतील मंडळ्या त्याच्यासाठी प्रार्थना करतात. दक्षिण भारत (१९४७) व उत्तर भारत (१९७०) येथील संयुक्त चर्चेसही या चक्रात आहेत. मुंबई, नाशिक, पुणे येथील पूर्वीच्या अँग्लिकन मंडळ्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये सामील झाल्या.

चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात २१ मार्च हा क्रॅनमर यांचा स्मृतिदिन आहे. ऑक्सफर्डमध्ये १८४३ साली पूर्ण झालेल्या स्मारकात लॅटिमर व रिडली यांच्यासह त्यांचा पुतळा आहे. मार्गारेटा एडवर्डच्या काळात उघडपणे पत्नी म्हणून राहू शकली होती. क्रॅनमर यांच्या मृत्यूनंतर तिने एडवर्ड व्हिटचर्च यांच्याशी विवाह केला. पहिल्या प्रार्थनापुस्तकाच्या मुद्रकांपैकी ते एक होते.