खाटेवरून ऐकलेला माळवा

संथाळांच्या धर्माला ग्रंथ नाही, देऊळ नाही. गावाजवळची सालवृक्षांची राई हेच त्यांचे जाहेरथान. वसंतात बाहा सणाला सालाची फुले तेथे वाहिल्याशिवाय बायका नवे फूल केसांत माळत नाहीत. हे सारे टिकले ते तोंडी कथांतून आणि गाण्यांतून. त्याविषयी वाचताना मला मात्र आठवले आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व.

जन्म ८ एप्रिल १९२४ चा, घर कानडी. लहानपणीच मैफली गाजवल्या आणि १९३६ साली मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकावयास गेले. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला, आणि पाठोपाठ क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते देवासला आले. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. मराठी बोलणे तेथे परके नव्हते. परंतु गाण्यास सक्त मनाई, आणि तीही काही वर्षे!

गवयाला गाऊ नको म्हटल्यावर उरते ते ऐकणे. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा आहेत. पण खाटेवर ऐकू येई तो टेकडीखालचा धर्म. जन्म, लग्न, पाऊस, प्रत्येकाला बायकांची गाणी. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची सांजा थापून सायंकाळी तिची गाणी म्हणत. भिक्षेकरी जोगी निर्गुणी भजने गात दारावरून जात. धारच्या भिल्ल पाड्यांतही देव पोथीत नाही. तो गाण्यात आणि नाचातच येतो.

कुमारजींनी या धुनांचे स्वरलेखन केले. चार-पाच स्वरांतच फिरणाऱ्या त्या चालींतून राग जन्मतो, अशी त्यांची खात्री झाली. मालवती, संजारी, अहिमोहिनी हे त्यांचे धुनउगम राग त्यातले. आजारातून उठले ते एक फुफ्फुस गमावूनच. पुढे ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम केले, १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

येथे माझे मन थोडे अडते. भिंतीवर सांजा नाही, समोर तिकीट काढून आलेले श्रोते. मग ते गाणे देवीचे राहिले का? पूर्वी मी ठामपणे नाही म्हणत असे.

माझी आजी सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी कानडीत म्हणायची. कॉलेजात असताना मला ती गावंढळ वाटत. ती गाऊ लागली की मी पुस्तक घेऊन माडीवर जाई. आजी गेली. कुमारजींनी परक्या अंगणातल्या बायकांचे गाणे रुग्णशय्येवरून टिपले, आणि मी धडधाकट असून घरातले सोडले. आता दीड ओळ आठवते, तीही शब्दांविना. परवा स्टाफरूममध्ये ती गुणगुणलो, तर कानडी विभागाच्या बाईंनी तपासायचे पेपर बाजूला ठेवले आणि पुढची ओळ उचलली.