मागची फळी बांधणारा माणूस

माझे वडील दरबारात तबल्याच्या साथीला बसत. मैफल ओळखली जाई ती गवयाच्या नावाने. वाहवा त्याला मिळे, शेला-पागोटेही आधी त्यालाच. वडील आपले बाजूला मान खाली घालून ठेका धरून बसलेले असत. लहानपणी मला याचा राग येई. ते मात्र हसून सांगत, की मैफल रंगली तर लोक गवयाचे नाव घेतात, पण बिघडली तर सगळे आधी तबलजीकडे पाहतात. तेव्हा आपल्या कामाची किंमत कोणाला कळत नाही असे समजू नये.

ही गोष्ट मला गेल्या गुरुपौर्णिमेला पुन्हा आठवली. माझ्या वर्गातल्या मुलांचे समूहगान होते. चांगले आवाज तेवढे मी हौसेने पुढे बसवले, प्रत्येकाला एकेक तान वाटून दिली आणि लय सांभाळण्याचे काम, दुसरे काहीच नीट येत नाही अशा एका मुलाकडे सोपवले. दुसऱ्या अंतऱ्यालाच सगळे एकमेकांच्या पायात अडखळले. दोष मुलांचा नव्हता, मांडणीचा होता, म्हणजे माझाच. कार्यक्रमानंतर तंबोऱ्यांना गवसण्या घालताना फुटबॉल खेळणारा माझा एक विद्यार्थी भीतभीत म्हणाला, की आमच्या संघाचेही नेमके असेच होते, गोल करायला सगळे पुढे धावतात आणि मागे कोणी उरत नाही. त्यानेच मला हर्बर्ट चॅपमन या इंग्रज गृहस्थाचे नाव सांगितले. तेव्हापासून या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

चॅपमनचा जन्म 19 जानेवारी 1878 रोजी शेफील्डजवळच्या किव्हटन पार्क या कोळसा-खाणीच्या गावी झाला. बाप खाणकामगार. त्या गावातली मुले शाळा सुटली की खाणीत उतरत. हर्बर्ट मात्र बुद्धीने चलाख निघाला आणि शेफील्डच्या तंत्रशाळेत खाणकामाची विद्या शिकला. घरात फुटबॉलचे वेड होते. त्याचा भाऊ हॅरी हा खरा नामांकित खेळाडू. शेफील्ड वेन्सडे या संघाने 1903 आणि 1904 साली लीगचे अजिंक्यपद मिळवले, त्या संघात तो होता. हर्बर्ट त्या मानाने साधारण. या क्लबातून त्या क्लबात अशी त्याची भटकंती चालली. टॉटनहॅमकडून खेळताना तो पिवळ्या रंगाचे बूट घाली, एवढीच त्याची खेळाडू म्हणून आठवण लोकांना राहिली.

1907 साली नॉर्थॅम्प्टन या तळाशी पडलेल्या क्लबाने त्याला खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने बोलावले. त्या काळी मॅनेजर म्हणजे बहुतेक ठिकाणी कारकून. पगारवाटप करावे, आगगाडीची तिकिटे काढावीत, एवढेच त्याचे काम. मैदानावर खेळाडू आपापल्या मर्जीने खेळत. चॅपमनला ही रीत पटली नाही. अकरा जणांनी एका विचाराने खेळायचे असेल, तर तो विचार आधी कोणीतरी करायला हवा, असे त्याचे म्हणणे. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती: संघ फार वेळ सलग चढाई करत राहिला, तर पुढे गर्दी होते, वाट बुजते आणि पाठ उघडी पडते. थोडे मागे सरून प्रतिपक्षाला पुढे येऊ द्यावे, म्हणजे त्याच्या पाठीमागे मोकळी जागा तयार होते. या विचारावर नॉर्थॅम्प्टनने 1909 साली सदर्न लीग जिंकली.

पुढे 1912 साली तो लीड्स सिटीकडे गेला. येथे त्याच्या आयुष्यातला कठीण काळ आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्लबाने खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप झाला. चौकशीसाठी क्लबाने वह्या दाखवण्यास नकार दिला आणि 1919 साली लीगने क्लबच बरखास्त केला. पदाधिकाऱ्यांबरोबर चॅपमनवरही फुटबॉलची कायमची बंदी आली. चाळिशी ओलांडलेला माणूस, सेल्बी येथील तेलाच्या कारखान्यात नोकरी करू लागला. तीही पुढे सुटली. शेवटी हडर्सफील्ड क्लबाच्या पाठिंब्याने त्याने अपील केले. ज्या काळात हे पैसे वाटले गेले असे म्हणतात, त्या काळात आपण बार्नबो येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करत होतो, हे त्याने दाखवून दिले आणि बंदी उठली. हा खुलासा ऐकला गेला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

1921 साली हडर्सफील्डची सूत्रे त्याच्याकडे आली. हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव; तेथे फुटबॉलपेक्षा रग्बीचे प्रस्थ मोठे. चॅपमनने क्लेम स्टीफन्सन या अनुभवी खेळाडूला कर्णधार केले आणि मागच्या फळीपासून संघ बांधायला घेतला. 1922 साली एफ.ए. चषक मिळाला. 1924 साली लीगचे अजिंक्यपद मिळाले तेही कसे, तर कार्डिफ सिटीइतकेच गुण, आणि केवळ गोलांच्या सरासरीतील दशांशाच्या फरकाने! कार्डिफने 61 गोल करून 34 घेतले होते, हडर्सफील्डने 60 करून 33. एक गोल कमी केला आणि एक गोल कमी घेतला, तर फायदा दुसऱ्याचा होतो, हा हिशेब तेथे मांडला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा अजिंक्यपद आले. 42 सामन्यांत अंगावर फक्त 28 गोल, आणि एकाही सामन्यात दोनांहून अधिक नाहीत.

1925 साली लंडनच्या आर्सेनल क्लबाने त्याला नेले. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चेंडू मिळवणाऱ्या आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. आता दोन पुरे झाले. एक चलाख बॅक पुढे सरकून आख्खी चढाई अडवत असे, ती युक्ती संपली आणि गोलांचा पूर आला. पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या हंगामात 1,192 गोल झाले होते, ते या हंगामात 1,703 झाले. या पुरात चॅपमनही बुडता बुडता वाचला. 3 ऑक्टोबर 1925 रोजी न्यूकॅसलने आर्सेनलला 7-0 असे धुऊन काढले.

त्या रात्रीची बैठक फुटबॉलच्या इतिहासात गाजलेली आहे. चार्ली ब्यूकन हा ज्येष्ठ खेळाडू चिडला होता. सेंटर हाफने मैदानभर हिंडणे बंद करावे आणि दोन बॅकच्या मध्ये तिसरा बॅक म्हणून उभे राहावे, हे तो हंगामाच्या सुरुवातीपासून सांगत आला होता. मोठा मॅनेजर अशा वेळी खेळाडूचे ऐकतोच असे नाही. चॅपमनने ऐकले. दोन दिवसांनी वेस्ट हॅमशी सामना होता. जॅक बटलर मागे उभा राहिला आणि आर्सेनल 4-0 ने जिंकला.

पण खरी गोम पुढेच होती. सेंटर हाफ म्हणजे तोवर संघाचा राजा. तोच चढाईची सूत्रे हलवी. त्याला मागे नेल्यावर मधे खिंडार पडले. मग चॅपमनने सगळी मांडणीच बदलली. दोन्ही बॅक कडेला सरकून प्रतिपक्षाच्या विंगरांना रोखू लागले, दोन्ही हाफ आतल्या फॉरवर्डांवर नजर ठेवू लागले, आणि आपले दोन आतले फॉरवर्ड थोडे मागे आले. कागदावर काढले तर वरची ओळ इंग्रजी डब्ल्यूसारखी आणि खालची एमसारखी दिसे. म्हणून या रचनेला डब्ल्यूएम असे नाव पडले. हे एका रात्रीत झाले नाही. योग्य माणसे जमवायला पाच वर्षे लागली.

ती माणसे त्याने कशी निवडली, हे मला शिक्षक म्हणून फार शिकण्यासारखे वाटते. मधल्या जागेसाठी त्याने 1926 साली ऑस्वेस्ट्री या छोट्या गावातून हर्बी रॉबर्ट्स नावाचा तांबड्या केसांचा उंच तरुण अवघ्या 200 पौंडांना आणला. त्याच्या पायात नजाकत नव्हती. पण सांगितलेली जागा तो सोडत नसे आणि मोह झाला तरी पुढे धावत नसे. परगावच्या मैदानांवर प्रेक्षक त्याची टर उडवत. तो शांतपणे आपले काम करी. इंग्लंडच्या संघातून तो फक्त एकदा खेळला. त्याच मॅनेजरने डेव्हिड जॅकसाठी 1928 साली दहा हजारांहून अधिक पौंड मोजले, ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे लोक कशाला किंमत देतात ते कळते. पण पाया मात्र त्या दोनशे पौंडांवर उभा होता.

डावा बॅक एडी हॅपगुड हा केटरिंगहून आला. अंगाने किरकोळ, आणि शाकाहारी. ओला झालेला जड चेंडू डोक्याने मारला की त्याला घेरी येई. क्लबाने त्याला मांसाहाराला लावले आणि तो सुधारला. आपल्याकडच्या काही घरांत हा उपाय रुचणार नाही, पण घडले ते असे. पुढे तो आर्सेनलचा आणि इंग्लंडचाही कर्णधार झाला. जॉर्ज मेल हा मुळात हाफ. चॅपमनने 1932 साली त्याला खोलीत बोलावून उजव्या बॅकची जागा दिली. खोलीत जाताना मेल गोंधळलेला होता. बाहेर पडला तो आपण देशातले उत्तम उजवे बॅक आहोत अशा खात्रीने, असे तोच पुढे सांगे. तोही इंग्लंडचा कर्णधार झाला.

आठवड्यातून एकदा सारे खेळाडू मैदानाच्या छोट्या नमुन्याभोवती बसत. कोण कोठे उभा राहील, कोणी जागा सोडली तर ती कोण भरील, याची चर्चा होई, आणि प्रत्येकाने बोलावे असा चॅपमनचा आग्रह असे. शिस्तीत मात्र तो कडक होता. 1933 च्या जानेवारीत वॉल्सॉल या सामान्य संघाने आर्सेनलला चषकातून बाहेर काढले, तेव्हा दांडगाई करणाऱ्या एका बॅकची त्याने आठवड्याच्या आत दुसऱ्या क्लबाकडे रवानगी केली.

हा संघ नुसता बचाव करत बसे, असे मात्र कोणी समजू नये. मागे चेंडू अडवला की तो ॲलेक्स जेम्सकडे जाई. सैल विजारीतला हा बुटका स्कॉट दोन लांब पासांत तो क्लिफ बॅस्टिन किंवा जो ह्यूम या विंगरांपर्यंत पोचवी. 1930 साली चषक मिळाला, तोही हडर्सफील्डलाच हरवून. 1930-31 साली आर्सेनलने 66 गुण मिळवून लीग जिंकली. त्या वर्षी आर्सेनलचे गोल 127 आणि दुसऱ्या आलेल्या ॲस्टन व्हिलाचे 128. म्हणजे गोल व्हिलाचे अधिक! पण व्हिलाने 78 घेतले, आर्सेनलने 59; आणि गुणांत व्हिला सात मागे राहिला. मी हे आकडे वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवले होते.

टीकाही झाली. सेंटर हाफसारखा रसिक खेळाडू या माणसाने पहारेकरी करून टाकला, असे जाणकार म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. इतर क्लबांनी रॉबर्ट्ससारखा पहारेकरी उभा केला, पण जेम्स त्यांना कोठून मिळणार? त्यांचा खेळ कोरडा झाला. नुसता ठेका म्हणजे मैफल नव्हे, हे वडीलही मान्य करत.

1932-33 चे अजिंक्यपद पुन्हा आर्सेनलचे. 1934 च्या नववर्षदिनी चॅपमन बरी येथे एक सामना पाहायला गेला, दुसऱ्या दिवशी शेफील्डला. सर्दी घेऊन परतला. डॉक्टरांनी मना केले असताना गिल्डफर्डला आपल्या तिसऱ्या संघातल्या पोरांचा सामना पाहायला गेला. न्यूमोनिया झाला आणि 6 जानेवारीच्या पहाटे, वयाच्या 55 व्या वर्षी, तो गेला. त्याच दुपारी त्याच्या संघाला हायबरी मैदानावर उतरावे लागले. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला.

पुढचे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. सेनापती गेल्यावर फौज उधळते, हा आपला अनुभव. येथे तसे झाले नाही. त्या हंगामात आर्सेनलने फक्त 75 गोल केले, पण 47 च घेतले, आणि अजिंक्यपद राखले. पुढच्या वर्षी तिसऱ्यांदाही. 14 नोव्हेंबर 1934 रोजी इंग्लंडने त्याच हायबरीवर इटलीला 3-2 ने हरवले, तेव्हा इंग्लंडच्या अकरांत सात जण आर्सेनलचे होते आणि कर्णधार तोच पूर्वीचा शाकाहारी हॅपगुड. हर्बी रॉबर्ट्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना 1944 साली आजारी पडून वारला. 2006 साली क्लबाने हायबरी सोडले. नव्या मैदानाबाहेर 2011 पासून चॅपमनचा पुतळा उभा आहे. तो मैदानाकडे पाहत असतो.

यंदाच्या गुरुपौर्णिमेची तयारी सुरू झाली आहे. वर्गातला सर्वांत पक्क्या लयीचा मुलगा मी या वेळी तबल्यावर बसवला आहे. त्याला गायचे होते, म्हणून पहिले दोन दिवस तो रुसून होता. मी त्याला हर्बी रॉबर्ट्सची गोष्ट सांगितली, आणि मग वडिलांचीही. काल तालमीत दुसरा अंतरा सरळ पार पडला.