सिसिलिया पेन-गापोश्किन

सिसिलिया हेलेना पेन-गापोश्किन (जन्म : १० मे, १९००, मृत्यू : ७ डिसेंबर, १९७९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होत्या. तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचे बनलेले असतात, हा निष्कर्ष त्यांच्या १९२५ सालच्या पीएच.डी. प्रबंधातून प्रथम पुढे आला. हा प्रबंध त्यांनी परदेशी विद्यार्थिनी म्हणून हार्वर्ड विद्यापीठाच्या वेधशाळेत राहून लिहिला. हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेत अंतर्गत बढतीने पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

सुरुवातीचे जीवन

पेन यांचा जन्म इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यातील वेंडोव्हर या गावी झाला. त्यांचे वडील एडवर्ड जॉन पेन हे वकील, इतिहासकार आणि संगीताचे जाणकार होते. सिसिलिया चार वर्षांच्या असताना त्यांचे निधन झाले आणि तीन मुलांच्या संगोपनाची जबाबदारी आई एमा यांच्यावर पडली. पुढे हे कुटुंब लंडनला स्थायिक झाले. तेथील सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये पेन यांना विज्ञानाचे चांगले शिक्षण मिळाले. या शाळेत संगीत शिकवणारे प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी त्यांना संगीताकडे वळण्यास उत्तेजन दिले होते. परंतु पेन यांचा ओढा विज्ञानाकडेच राहिला.

केंब्रिजमधील शिक्षण

१९१९ साली शिष्यवृत्ती मिळवून पेन केंब्रिज विद्यापीठातील न्यूनहॅम या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे त्यांचे विषय होते. त्याच वर्षी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आर्थर एडिंग्टन यांनी प्रिन्सिपे बेटावर जाऊन आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्ताची चाचणी घेतली होती. या मोहिमेविषयी एडिंग्टन यांनी दिलेल्या व्याख्यानाचे प्रवेशपत्र पेन यांना एका मैत्रिणीला जाता न आल्यामुळे मिळाले. या व्याख्यानाचा त्यांच्यावर इतका परिणाम झाला, की खोलीवर परतल्यावर त्यांनी ते जवळजवळ संपूर्ण आठवणीतून लिहून काढले. त्यानंतर त्यांनी वनस्पतिशास्त्र सोडून भौतिकशास्त्र व खगोलशास्त्रावर लक्ष केंद्रित केले.

अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रगत भौतिकशास्त्राच्या वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना पहिल्या रांगेत वेगळे बसावे लागे. न्यूनहॅममध्ये वापराविना पडून असलेली छोटी वेधशाळा त्यांनी पुन्हा सुरू केली. १९२३ पर्यंत त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. मात्र केंब्रिज विद्यापीठ त्या वेळी महिलांना पूर्ण पदवी देत नसे. हा नियम १९४८ मध्ये बदलला. इंग्लंडमध्ये राहिल्यास शाळेत शिक्षिका होण्यापलीकडे फारशी संधी नाही, हे पेन यांच्या लक्षात आले.

हार्वर्डला प्रयाण

हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांचे व्याख्यान पेन यांनी १९२२ साली लंडनमध्ये ऐकले होते. वेधशाळेत खगोलशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्याचा शॅप्ली यांचा प्रयत्न होता. महिलांसाठी राखीव असलेली एक छात्रवृत्ती मिळवून १९२३ साली पेन बोटीने अमेरिकेस गेल्या. हार्वर्ड विद्यापीठ मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज याच नावाच्या शहरात आहे. या अभ्यासक्रमाच्या पहिल्या विद्यार्थिनी ॲडलेड एम्स होत्या आणि पेन दुसऱ्या.

हार्वर्ड वेधशाळेत अनेक दशके काचेवर घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांचा प्रचंड साठा होता. ॲनी जंप कॅनन यांनी त्यावरून सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले होते. वर्णपटातील काळ्या रेषांवरून ताऱ्यांचे गट पाडण्यात आले होते. परंतु या रेषा एका ताऱ्यात ठळक आणि दुसऱ्यात पुसट का दिसतात, याचा भौतिकशास्त्रीय उलगडा या साठ्यावरून अद्याप कोणी केला नव्हता.

साहा समीकरण आणि पीएच.डी. प्रबंध

या उलगड्याची किल्ली भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या कामात होती. तापलेल्या वायूतील किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे त्या वायूच्या तापमानावर आणि दाबावर कसे अवलंबून असते, हे सांगणारे समीकरण साहा यांनी १९२० च्या सुमारास मांडले होते. केंब्रिजमधील राल्फ फाउलर आणि एडवर्ड मिल्न यांनी या सिद्धान्ताचा विस्तार केला. हा सिद्धान्त प्रत्यक्ष निरीक्षणांवर पडताळून पाहण्यासारखा आहे, असे मिल्न यांनी पेन यांना इंग्लंड सोडण्यापूर्वी सुचवले होते. त्यासाठी लागणारे वर्णपट हार्वर्डमध्ये होते आणि त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र पेन इंग्लंडहून शिकून आल्या होत्या.

पेन यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांतील रेषांची तीव्रता मोजली आणि साहा यांच्या समीकरणाच्या आधारे ताऱ्यांच्या गटांचे तापमान ठरवले. वर्णपटांमधील फरक मुख्यतः तापमानामुळे पडतात, ताऱ्यांच्या रासायनिक घटकांमुळे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी १८ मूलद्रव्यांचे ताऱ्यांमधील सापेक्ष प्रमाण काढले. सिलिकॉन व इतर धातूंचे एकमेकांशी असलेले प्रमाण पृथ्वीच्या कवचातील प्रमाणाशी बरेचसे जुळत होते. हायड्रोजन आणि हेलियम यांचे प्रमाण मात्र प्रचंड अधिक आले. हायड्रोजन तर धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला.

यामागील कारण असे : सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला हायड्रोजनच्या अत्यंत थोड्या अणूंमध्ये दृश्य प्रकाशातील रेषा निर्माण करण्याची क्षमता असते. तरीही हायड्रोजनच्या रेषा स्पष्ट दिसतात, याचा अर्थ तेथे हायड्रोजन अतिशय मोठ्या प्रमाणात असला पाहिजे. उलट, कॅल्शियमच्या रेषा ठळक दिसतात त्या त्याच्या अणूंना हे तापमान अनुकूल असल्यामुळे, त्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे नव्हे.

निष्कर्षाला झालेला विरोध

सूर्य आणि पृथ्वी यांची रासायनिक घडण सारखीच आहे, असे त्या काळातील बहुतेक शास्त्रज्ञ मानत. पृथ्वीचे कवच सूर्याइतके तापवले तर त्याचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असा समज रूढ होता. शॅप्ली यांनी पेन यांचे हस्तलिखित प्रिन्स्टन विद्यापीठातील हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवले. रसेल हे ताऱ्यांच्या अभ्यासातील सर्वांत अधिकारी व्यक्ती मानले जात आणि तरुण संशोधकाचे भवितव्य त्यांच्या अभिप्रायावर ठरू शकत असे. पेन यांच्या इतर कामाची त्यांनी प्रशंसा केली, परंतु हायड्रोजनविषयीचा निष्कर्ष अशक्य असल्याचे १९२५ च्या सुरुवातीला कळवले. त्यामुळे पेन यांनी हायड्रोजन व हेलियम यांचे आकडे प्रबंधात कायम ठेवले, पण ते बहुधा वास्तव नसावेत अशी पुस्तीही जोडली.

१९२५ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. हार्वर्ड विद्यापीठ महिलांना ही पदवी देत नसल्याने ती त्याच्याशी संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयातर्फे देण्यात आली. तेथून खगोलशास्त्रात दिली गेलेली ही पहिलीच पीएच.डी. होती. 'स्टेलर ॲटमॉस्फिअर्स' या नावाने हा प्रबंध वेधशाळेच्या ग्रंथमालेतील पहिले पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाला.

१९२८ साली जर्मनीतील अल्ब्रेख्ट उन्सोल्ड आणि १९२९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम मॅक्री यांच्या संशोधनातूनही सूर्यावरील हायड्रोजनचे आधिक्य दिसून आले. १९२९ मध्येच रसेल यांनी वेगळ्या पद्धतीने सूर्याच्या वातावरणाचे विश्लेषण केले आणि ते त्याच निष्कर्षाला पोहोचले. आपल्या लेखात त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला. तरीही पुढे बराच काळ या शोधाचे श्रेय प्रामुख्याने रसेल यांना दिले जाई. पेन यांनी याबद्दल रसेल यांना दोष दिला नाही. स्वतःचे म्हणणे बरोबर वाटत असूनही आपण अधिकारापुढे माघार घेतली, याची खंत त्यांनी उत्तरायुष्यात व्यक्त केली. आधुनिक मापनांनुसार सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक भाग हेलियम आहे.

हार्वर्डमधील कारकीर्द

पदवीनंतर पेन हार्वर्डमध्येच राहिल्या. १९३१ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. त्या विद्यार्थ्यांना शिकवत आणि संशोधनाचे मार्गदर्शन करत, परंतु त्यांना प्राध्यापकपद नव्हते. अधिकृतपणे त्या शॅप्ली यांच्या तांत्रिक साहाय्यक होत्या आणि त्यांचे वेतन तुटपुंजे होते. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांचा अशा पदांवर महिलांची नेमणूक करण्यास विरोध होता. १९३८ साली त्यांना खगोलशास्त्रज्ञ हे पदनाम मिळाले. त्यांच्या अभ्यासक्रमांची नोंद मात्र १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या पत्रिकेत होत नसे. १९५६ साली त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या आणि त्यानंतर खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुखही झाल्या. १९६६ साली त्या अध्यापनातून निवृत्त झाल्या.

१९३३ साली युरोपच्या दौऱ्यात जर्मनीतील ग्योटिंगेन येथे त्यांची भेट रशियन खगोलशास्त्रज्ञ सर्गेई गापोश्किन यांच्याशी झाली. नाझी राजवटीत धोक्यात आलेल्या गापोश्किन यांना अमेरिकेचा व्हिसा आणि हार्वर्डमध्ये काम मिळवून देण्यासाठी पेन यांनी खटपट केली. मार्च १९३४ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली.

या दांपत्याने रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे तेजस्विता बदलत राहणाऱ्या ताऱ्यांचा, पद्धतशीर अभ्यास केला. साहाय्यकांसह त्यांनी हार्वर्डच्या छायाचित्रांवरून अशा ताऱ्यांची १२ लाख ५० हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. पुढे मॅजेलनच्या मेघांमधील ताऱ्यांची आणखी सुमारे २० लाख निरीक्षणे त्यात जमा झाली. ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाला या नोंदींचा उपयोग झाला.

सन्मान आणि मृत्यू

१९३४ साली अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा ॲनी कॅनन पुरस्कार प्रथमच देण्यात आला, तो पेन यांना मिळाला. १९७६ साली याच संस्थेने त्यांना हेन्री नॉरिस रसेल व्याख्यानाचा सन्मान दिला. ज्यांच्या विरोधामुळे त्यांनी १९२५ साली आपला निष्कर्ष मागे घेतला होता, त्याच शास्त्रज्ञाच्या नावाचा हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. २०३९ क्रमांकाच्या लघुग्रहाला पेन-गापोश्किन हे नाव देण्यात आले आहे.

७ डिसेंबर १९७९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र कन्या कॅथरीन हरामुंडानिस यांनी संपादित करून १९८४ साली प्रसिद्ध केले.